लष्करी कागदांतली नावं कशी नोंदवावीत: ग्वाल्हेरच्या नव्या स्वयंसेवकांसाठी

ग्वाल्हेरातल्या अनेक मराठी घरांत चार-पाच पिढ्यांमागे कोणीतरी पागेत (घोडदळात), पलटणीत नाहीतर कंपूत (कवायती फौजेत) होतं. लष्कर या भागाचं नावच दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून पडलं आहे. पण घरात माहिती असते ती एवढीच, की 'खापरपणजोबा फौजेत होते'. हुद्दा, पथक, साल, मूळ गाव हे सगळं हजेरीपटांत, पगारपत्रकांत आणि मृतांच्या याद्यांत असतं. या कागदांना नावांची सूची नसली तर एका माणसासाठी हजार पानं उलटावी लागतात.

पानाचं चित्र समोर ठेवायचं आणि त्यातलं नाव, हुद्दा, तारीख, गाव ठरलेल्या रकान्यांत टाइप करायचं, या कामाला इंडेक्सिंग म्हणतात. जगभर ते मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवकच करतात. लाहोरच्या संग्रहालयात पहिल्या महायुद्धातल्या पंजाबी सैनिकांची सुमारे २६ हजार पानं पडून होती. २०२१ मध्ये ती संगणकावर येऊ लागली, तेव्हा सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदी शोधण्याजोग्या होण्याची वाट मोकळी झाली.

या कामाला इतिहासाची पदवी लागत नाही. रोज अर्धा तास बसण्याची चिकाटी लागते आणि एक जुनी खोड सोडावी लागते, ती म्हणजे चूक दिसली की दुरुस्त करण्याची. कारकुनाने जे लिहिलं तेच तुम्ही लिहायचं. पुढच्या बहुतेक सूचना या एकाच नियमातून निघतात.

१. कोणत्या कागदांवर काम करायचं ते आधी ठरवा

पहिला प्रकार म्हणजे परदेशी संस्थांचे ऑनलाइन प्रकल्प. फॅमिलीसर्च ही मोफत सेवा आहे. खातं उघडलं की भाषा आणि अवघडपणाची पायरी निवडून काम घेता येतं. झूनिव्हर्स या संकेतस्थळावरही असे प्रकल्प येतात. ब्रिटिश लष्कराच्या युद्ध-रोजनिश्या वाचण्याचा मोठा प्रकल्प २०१४ मध्ये तिथेच सुरू झाला होता. हिंदुस्थानात राहिलेल्या ब्रिटिश कुटुंबांच्या नोंदींसाठी फिबिस ही संस्था स्वयंसेवक घेते.

दुसरा प्रकार महायुद्धांच्या काळातल्या इंग्रजी याद्यांचा. ग्वाल्हेरच्या इम्पीरियल सर्व्हिस पायदळाचं, म्हणजे साम्राज्याच्या मदतीला ठेवलेल्या संस्थानी पायदळाचं, अर्धं पथक १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत टांगा या बंदराकडे पाठवलेल्या फौजेबरोबर होतं. ४ थी ग्वाल्हेर पलटण सुएझ कालव्याच्या बंदोबस्ताला होती. या मंडळींच्या नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या मोफत शोधयादीत आणि राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावरच्या फायलींत विखुरलेल्या आहेत.

तिसरा प्रकार मोडी कागदांचा. पागांची गणती, शिलेदारांच्या नेमणुका, रोजमुऱ्याच्या (पगाराच्या) याद्या असे कागद सरकारी दप्तरांत असतात आणि जुन्या सरदार घराण्यांच्या वाड्यांतही.

बहुतेकांना थेट तिसऱ्याकडे उडी मारायची असते, कारण आपलं माणूस तिथे असणार. तरी पहिले दोन-तीन आठवडे पहिल्या प्रकारात घालवा. अमेरिकन सैनिकाच्या भरती-पत्रकाशी तुमचं काही नातं नसलं तरी नियम पाळायची शिस्त तिथे लागते. चुकलात तर तपासणारा दुसरा माणूस असतो. घरच्या मोडी कागदाला असा दुसरा डोळा सहसा मिळत नाही.

एक अपेक्षा आत्ताच कमी करून ठेवा. लंडनच्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात वैयक्तिक सेवा-नोंदी मिळतात त्या मुख्यतः गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आणि सैनिकांच्या. साध्या हिंदी शिपायाची स्वतंत्र सेवापुस्तिका तिथे मिळणं दुर्मीळ आहे. शिपायाचं नाव सापडतं ते यादीत, एका ओळीत. म्हणून यादीची सूची महत्त्वाची.

२. सामान

- संगणक किंवा लॅपटॉप. मोबाइलवर हे काम करू नका. पानाचं चित्र आणि रकाने एकत्र दिसत नाहीत आणि ओळ चुकते.
- शक्य असेल तर दुसरा पडदा. एकावर चित्र, दुसऱ्यावर तक्ता.
- मराठीसाठी युनिकोड कळफलक. गटात काम करणार असाल तर सगळ्यांनी एकच ठेवा, इनस्क्रिप्ट ठेवलात तर उत्तम.
- मोडीसाठी मुळाक्षरांचा छापील तक्ता आणि एक कोरी वही.
- जुना जिल्हा-नकाशा किंवा गावांची यादी.
- स्थानिक प्रकल्प असेल तर कागदपत्रं पाहण्याचा लेखी परवाना. अभिलेखागारात ओळखपत्र, अर्ज आणि शोधाचा विषय द्यावा लागतो. फोटो काढायची परवानगी वेगळी असते, ती आधी विचारा. खाजगी वाड्यातले कागद असतील तर मालकाकडून दोन ओळी लिहून घ्या: चित्रं कोण ठेवणार आणि सूची कुठे जाणार.

मोडी अक्षरं युनिकोडमध्ये २०१४ पासून आहेत. तरी सूची बाळबोधीतच (देवनागरीतच) करा. मोडी टाइप केलेलं शोधणार कोण?

३. प्रकल्पाच्या सूचना शेवटपर्यंत वाचा

हे सगळ्यांनाच माहीत असतं आणि कोणीच करत नाही. प्रत्येक प्रकल्पाचे नियम वेगळे असतात. एकीकडे 'डिट्टो' म्हणजे 'वरीलप्रमाणे' असेल तिथे वरचं नाव पुन्हा लिहायचं असतं, दुसरीकडे तसंच सोडायचं असतं. काही ठिकाणी संक्षेप उलगडायचा, काही ठिकाणी नाही. हुद्दा नावाच्या रकान्यात घेतला की तपासणीत नोंद परत येते.

फॅमिलीसर्चवर लक्षात ठेवायच्या गोष्टी चारच. रकाना कागदावरच रिकामा असेल तर कंट्रोल आणि बी दाबून 'रिकामा' अशी खूण करा. लिहिलेलं आहे पण वाचता येत नाही, तर कंट्रोल आणि यू. एक अक्षर लागत नसेल तर त्याच्या जागी प्रश्नचिन्ह टाका, अनेक लागत नसतील तर ताऱ्याचं चिन्ह (*). 'रिकामा' आणि 'अवाचनीय' यांत गल्लत करू नका. पहिल्याचा अर्थ 'माहिती नव्हतीच', दुसऱ्याचा अर्थ 'माहिती आहे, कोणीतरी पुन्हा बघा'.

अलीकडे बऱ्याच इंग्रजी कागदांवर आधी संगणक वाचतो आणि माणसाने फक्त तपासायचं असतं. संगणकाने सुचवलेलं नाव ओळखीचं दिसलं म्हणून ते बरोबर धरू नका. तो नेहमी ओळखीचंच नाव सुचवतो.

४. पहिली बॅच

बॅच म्हणजे एका वेळी हाती घेतलेली थोडी पानं. आधी संपूर्ण पान पाहा. टाइप करू नका. रकान्यांची शीर्षकं कोणती, लिहिणारा एकच आहे का, पानाच्या शेवटी बेरीज दिली आहे का ते बघा. बेरीज असेल तर तुमच्या हाती मोफत तपासणी आली: शेवटी 'एकूण ४२' लिहिलं असेल आणि तुमच्या नोंदी ४१ भरल्या तर एक ओळ सुटली आहे.

मग त्या कारकुनाची अक्षरं ओळखा. इंग्रजी हस्ताक्षरात कॅपिटल एल आणि एस, आय आणि जे, टी आणि एफ या जोड्या फसवतात. लहान अक्षरांत यू आणि एन, ई आणि सी, ए आणि ओ. अडलेलं अक्षर त्याच पानावर दुसऱ्या सोप्या शब्दात शोधा. महिन्यांची नावं यासाठी सोन्यासारखी, कारण 'जून', 'जुलै', 'ऑगस्ट' हे काय लिहिलंय ते तुम्हाला आधीच ठाऊक असतं.

तारखांमध्ये अमेरिकन कागदावर महिना आधी, ब्रिटिश कागदावर दिवस आधी. ४-५-१७ म्हणजे ४ मे की ५ एप्रिल, हे त्याच यादीतली १२ पेक्षा मोठ्या आकड्याची तारीख पाहून ठरवा.

एक बॅच एका बैठकीत संपवा. अर्धी सोडली की दुसऱ्या दिवशी त्या हाताची ओळख पुन्हा करून घ्यावी लागते.

५. नावं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि मराठी माणसाकडून जास्त होतात, कारण त्याला खरं नाव माहीत असतं.

इंग्रज कारकून ऐकून लिहायचा. लिप्यंतराची हंटर यांची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी वापरात रुळली. त्याआधीच्या कागदांत 'अ' साठी यू, 'ई' साठी दोन ई, 'ऊ' साठी दोन ओ असा खेळ चालायचा. त्यामुळे गणपतराव 'गुनपुत रो' होतो आणि लक्ष्मण 'लक्सुमन'. पवार कुठे पोवार, कुठे पुआर. शिंदे तर खुद्द दरबाराच्या पत्रव्यवहारातही सिंदिया, सिंधिया असे दोन-तीन रूपांत येतात. मराठा हा शब्द पलटणींच्या नावात 'माहरट्टा' असा होता.

तुम्ही 'गुनपुत' वाचलं तर तेच, त्याच स्पेलिंगने लिहा. प्रमाण रूप द्यायची सोय असेल तर वेगळ्या रकान्यात द्या. शोधणारा माणूस दोन्ही रूपांनी शोधू शकतो. तुम्ही मूळ रूप पुसून टाकलंत तर मूळ पानाशी नोंद ताडून पाहण्याची वाट बंद होते, आणि तुमचा अंदाज चुकला असेल तर ते कोणाला कळतही नाही.

'राव', 'जी', 'बा' यांची गडबड वेगळी. कारकून 'राव' तोडून वेगळा शब्द करतो आणि संगणकाच्या रकान्यांत तो आडनाव होऊन बसतो. शेकडो शिपायांचं आडनाव 'राव' दिसायला लागलं तर समजा कोणीतरी रकाने डोळे झाकून भरले आहेत. मूळ यादीत आडनावाचा रकानाच नसेल तर पूर्ण नाव एका रकान्यात ठेवा आणि आडनाव रिकामं सोडा. अनेक शिपायांची नोंद फक्त स्वतःचं नाव आणि बापाचं नाव अशीच आहे.

ग्वाल्हेरची खास अडचण 'ळ' ची. दरबारात मराठीबरोबर फारसी, उर्दू आणि हिंदी लिहिणारे कारकून होते. त्यांच्या हातून काळे 'काले' होतात, फाळके 'फालके', शितोळे 'शितोले'. आज इथल्या घरांतली मुलं शाळेत हिंदी शिकलेली असतात, त्यामुळे तीही नकळत 'ल' टाइप करतात. म्हणून दोन्ही दिशांनी सावध राहा. कागदावर 'ळ' असेल तर 'ळ' च हवा, आणि कागदावर 'ल' असेल तर आपल्या ओळखीचं घराणं आहे म्हणून 'ळ' करू नका.

आणखी एक बारकावा, फक्त मराठी सूची करणाऱ्यांसाठी. गोऱ्हे, कुऱ्हाडे यांतला अर्धा 'र' संगणकात दोन वेगळ्या प्रकारे साठवला जातो. पडद्यावर दिसायला सारखा, पण शोधताना एकाने टाइप केलेला दुसऱ्याला सापडत नाही. कळफलक एकच ठेवा म्हटलं ते यासाठी.

६. हुद्दे, पलटणी, गावं

हुद्द्यांची यादी लहान आहे, ती पाठ करा. पायदळात शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार. घोडदळात सवार, दफेदार, जमादार, रिसालदार. इंग्रजी याद्यांत हे दोन-तीन अक्षरांच्या संक्षेपात येतात. 'फॉलोअर' म्हणजे भिस्ती, स्वयंपाकी, सईस वगैरे. त्यांना शिपाई करू नका, आणि वगळूही नका. त्यांच्या वंशजांना दुसरा कागद मिळण्याची शक्यता आणखी कमी असते.

जुन्या हिंदी फौजेत प्रत्येक रेजिमेंटचे स्वतःचे शिपाई-क्रमांक होते. एकच क्रमांक दहा रेजिमेंटांत सापडतो. म्हणून क्रमांक आणि रेजिमेंट ही जोडी कधी फोडू नका.

१९२२ मध्ये हिंदी फौजेची फेररचना झाली आणि पलटणींचे क्रमांक बदलले. ११७ वी माहरट्टाज ही ५ व्या माहरट्टा लाइट इन्फन्ट्रीची ५ वी बटालियन झाली, १०३ वी पहिली बटालियन. १९१६ च्या यादीत १०३ दिसलं तर १०३ च लिहा. नव्या नावात भाषांतर करणं हे संशोधकाचं काम. संस्थानी फौजांचंही तसंच: इम्पीरियल सर्व्हिस ट्रूप्स हे नाव महायुद्धानंतर इंडियन स्टेट्स फोर्सेस झालं आणि स्वातंत्र्यानंतर ग्वाल्हेर आणि इंदूरचं पायदळ कुमाऊं रेजिमेंटमध्ये गेलं. कागदावर आहे ते नाव लिहा, पुढचं शेऱ्यात टाका.

आता सर्वात मोठा सापळा: 'ग्वाल्हेर कंटिंजंट'. २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूर आणि पनियार इथे शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाल्यानंतर, १८४४ च्या तहाने ही फौज नव्याने बांधली गेली. खर्च दरबाराचा, अधिकारी इंग्रज आणि शिपाई मोठ्या संख्येने अवधकडचे. १८५७ मध्ये हीच फौज उठली. तेव्हा नोंदीत 'ग्वाल्हेर' पाहून माणसाचं गाव ग्वाल्हेर लिहिलंत तर अवधमधल्या कुणाच्या पूर्वजाला तुम्ही मुरारला आणून बसवता. पथकाचं नाव पथकाच्या रकान्यात जाईल. गावाचा रकाना कागदावर गाव लिहिलेलं असेल तरच भरा.

गावांची नावं ओळखीची वाटली तरी जिल्हा आपल्या मनाने जोडू नका. एकाच नावाची गावं भिंड, मुरैना, शिवपुरी सगळीकडे आहेत. शिवाय शिंद्यांचा मुलूख सलग नव्हता. उज्जैन, मंदसोरकडचे परगणेही ग्वाल्हेर राज्यातच होते.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या यादीतून काम करत असाल तर तिची मुदत लक्षात ठेवा: ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. या मुदतीबाहेर मेलेला सैनिक तिथे नसणारच. शोधाचा निकाल तक्त्याच्या रूपात उतरवून घेता येतो. त्यावरून ग्वाल्हेर राज्याची वेगळी यादी करणं हा नव्या गटासाठी चांगला पहिला प्रकल्प आहे. त्या नोंदींत बऱ्याचदा 'अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा' अशी एक ओळ मिळते, आणि कुटुंबाला नेमकी तीच हवी असते.

७. मोडी हजेरीपट

मोडीची मुळाक्षरं काही आठवड्यांत येतात. धावत्या हाताचा कागद वाचायला महिने लागतात. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि प्रत्येक कारकुनाची वळणं वेगळी. कोऱ्या वहीत प्रत्येक हाताचा स्वतंत्र अक्षरतक्ता करा: त्याचा क, त्याचा भ, त्याची जोडाक्षरं. दुसरा हात लागला की नवं पान. ऱ्हस्व-दीर्घ कसं लिहायचं याचा नियम गटाने पहिल्या दिवशी ठरवावा. माझ्या मते चालू प्रमाण लेखन घ्यावं, कारण मोडीत तो भेद मुळातच नसल्याने आपण काही बिघडवत नाही.

पागेची यादी साधारण अशी चालते: वर सालाची ओळ, मग 'निसबत' (च्या हाताखालचे) अमुक सरदार, मग एकेक आसामी (माणूस). नावात 'बिन' म्हणजे मुलगा. काही नावांत त्याच अर्थाने 'वलद'. पुढे मौजे, परगणा, मग नेमणूक आणि रोजमुरा. 'निसबत' नंतरचं नाव सरदाराचं असतं. त्याला शिपायाचा बाप करून ठेवल्याच्या नोंदी नव्यांच्या कामात हमखास सापडतात.

'बारगीर' आणि 'शिलेदार' वेगळे ठेवा. बारगिराला घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. शेऱ्यातले शब्दही नीट बघा. बरतर्फ म्हणजे काढून टाकला, मयत म्हणजे मेला, आणि 'कामास आला' म्हणजे लढाईत पडला. या शेवटच्या नोंदीला मृत्यूचा रकाना भरा.

संक्षेपांनी वैताग येतो. 'रा।' बहुधा राजश्री. पण 'पा।' हा पाटील, परगणे, पासून यांतलं काहीही असू शकतो आणि 'मो।' मौजे किंवा मोकाम. पुढचा शब्द काय आहे त्यावरून ठरवा. खात्री नसेल तर संक्षेप तसाच ठेवून शंकेच्या रकान्यात खूण करा. काही ओळींत फक्त 'शिपाई २५' असा आकडा असतो, नावं नसतात. तिथे पंचवीस रिकाम्या नोंदी करू नका. एक नोंद आणि शेऱ्यात संख्या.

आता तारखा. मराठी कागदात साल बहुधा सुहूर सनात, अरबी शब्दांत असतं. शब्द असे:

एक ते दहा: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर.
वीस ते नव्वद: अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन.
शंभर मया, दोनशे मयातैन, हजार अलफ.

एकक आधी, शतक आणि हजार नंतर. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१. सुहूर सन जूनच्या सुरुवातीला, मृग लागतो तेव्हा बदलतो. जून ते डिसेंबर असेल तर ५९९ मिळवा, जानेवारी ते मृगापर्यंत ६००. म्हणजे ११६१ हे १७६०-६१, आणि पानिपतची १४ जानेवारी १७६१ याच सालात येते. दुसरं उदाहरण महादजी शिंद्यांच्या मृत्यूचं, १२ फेब्रुवारी १७९४: अर्बा तिसैन मया व अलफ, ११९४. ही दोन सालं तोंडपाठ असली की हिशेब चुकला तर लगेच लक्षात येतो. 'समान' आणि 'समानीन', 'तिसा' आणि 'तिसैन' यांची अदलाबदल झाली की शिपाई सत्तर-ऐंशी वर्षांनी सरकतो.

दिवसाच्या आधी येणारा 'छ' चंद्रदिवस दाखवतो, आणि महिने मोहरम, सफर, रबिलावल असे हिजरी. 'छ ५ रजब' हे इंग्रजी तारखेत बदलायला जंत्री (तारखा जुळवण्याचं कोष्टक) लागते. जंत्री नसेल तर बदलू नका, मूळ लिहून ठेवा.

शके असेल तर ७८ किंवा ७९ मिळवा. विक्रम संवत असेल तर ५७ किंवा ५६ वजा करा, पण इथे जपून. ग्वाल्हेरकडे संवत चैत्रात बदलतो, वडोद्याकडच्या गुजराती वहीत कार्तिकात. ज्येष्ठातली नोंद असेल तर इथल्या कागदात ५७ वजा करायचे आणि तिकडच्या कागदात ५६. फसली या महसुली सालातही असाच घोळ आहे: दख्खनच्या फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवायचे, उत्तरेच्या फसलीत ५९२ किंवा ५९३. मूळ तारीख एका रकान्यात आणि इसवी सन दुसऱ्यात, हे कधीही मोडू नका. गणित चुकलं तरी मूळ शाबूत राहतं.

पैशांचे रकाने बहुतेक सूच्यांत घेत नाहीत. घेत असाल तर एवढं पुरे: आकड्यापुढची एक उभी रेघ पाव रुपया, दोन अर्धा, तीन पाऊण, रुपयाचे आणे १६. 'रा।' मधली रेघ संक्षेपाची, '५।' मधली चार आण्यांची.

८. स्वतःचा तक्ता करताना

स्थानिक प्रकल्पाला साधा तक्ता पुरतो. रकाने: चित्र क्रमांक, ओळ क्रमांक, नाव मुळाप्रमाणे, नाव प्रमाण रूपात, बापाचं नाव, आडनाव, हुद्दा, पथक, निसबत, गाव, परगणा, मूळ तारीख, इसवी सन, शेरा, शंका, नोंदवणाऱ्याची आद्याक्षरं. चित्र क्रमांक आणि ओळ क्रमांक नसलेली नोंद फेकून दिल्यातच जमा, कारण ती कोणालाच पडताळता येत नाही.

रुमाल (जुने कागद बांधून ठेवलेलं कापड) सोडताना कागदांचा क्रम बदलू नका. आधी बांधलेल्या रुमालाचा, मग प्रत्येक पुडक्याचा, मग पानांचा फोटो घ्या. पाठ कोरी असली तरी तिचा फोटो काढा, नाहीतर पुढे कोणीतरी 'मागे काही होतं का' विचारणारच. फ्लॅश नको, खिडकीचा आडवा उजेड चांगला. फाइलचं नाव रोमन अक्षरांत आणि आकड्यांत द्या, आणि आकडे ००१ असे तीन घरांचे ठेवा, म्हणजे १० नंबरचं पान २ च्या आधी येणार नाही.

एक्सेल तीन ठिकाणी घात करतं. १९०० पूर्वीची तारीख त्याला तारीख म्हणून कळत नाही, आणि 'मे १८' असं काही दिसलं की ते आपल्या मनाने या शतकातली तारीख बनवतं. म्हणून तारखेचे रकाने आधीच 'मजकूर' म्हणून ठरवा. देवनागरी आकडे त्याच्या लेखी आकडे नसतात, बेरीज करायला गेलात तर शून्य मिळतं. क्रमांकाच्या रकान्यांत इंग्रजी आकडे वापरा. आणि सीएसव्ही साठवताना यूटीएफ-८ निवडलं नाही तर सगळी मराठी प्रश्नचिन्हांची रांग होऊन जाते. मूळ तक्त्याची एक प्रत दररोज वेगळ्या ठिकाणी ठेवा.

९. तपासणी

मोठ्या प्रकल्पांत तुमचं काम दुसरा स्वयंसेवक तपासतो, किंवा तेच पान अनेकांना देऊन उत्तरं ताडतात. स्थानिक गटात चार माणसं असली तरी हे करा. सगळं दोनदा टाइप करणं परवडत नसेल तर दर दहा पानांतलं एक पान दुसऱ्याने, पहिल्याचं न बघता, पुन्हा नोंदवावं. दोघांत फरक पडला तर तिसरा मूळ चित्र पाहून ठरवतो. वयाने मोठा म्हणून कोणाचा शब्द अंतिम नसतो, हे ग्वाल्हेरसारख्या गावात पहिल्या बैठकीतच सांगून टाकलेलं बरं.

स्वतःच्या घराण्याचं पान आलं तर ते दुसऱ्याला द्या. 'हे आपलेच' असं वाटलं की डोळा हवं ते वाचतो.

तपासणीत नोंद परत आली तर कारण वाचा, रागावू नका. नव्यांच्या परत आलेल्या नोंदी बहुतेक तीन कारणांनी येतात: एक ओळ सुटून पुढचं सगळं सरकलेलं, रिकामा आणि अवाचनीय यांची अदलाबदल, आणि 'सुधारलेली' नावं.

१०. सूची बाहेर देण्याआधी

जात, धर्म, व्यंग, शिक्षा, पळून जाणं हे सगळं जुन्या याद्यांत असतं. इंग्रजी याद्यांत 'क्लास' या रकान्यात मराठा, ब्राह्मण, राजपूत, मुसलमान असं लिहिलेलं असतं. मूळ सूचीत ते जसंच्या तसं ठेवा, सौम्य करू नका. पण १९३९ नंतरच्या याद्यांत नोंदलेली पत्नी किंवा मुलं आज हयात असू शकतात. त्यांची नावं आणि पत्ते सार्वजनिक प्रतीतून काढा. खाजगी दप्तर असेल तर मालकाने लिहून दिलेल्या दोन ओळी पुन्हा वाचा, आणि त्याला पहिली प्रत द्या.

युद्ध-स्मारकाच्या यादीत नाव चुकलेलं दिसलं तर तुमच्या तक्त्यात बदलू नका. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन लेखी पुरावा पाहून दुरुस्ती करतं. मूळ पानाचं चित्र, चित्र क्रमांक आणि ओळ क्रमांक जोडून त्यांच्याकडेच पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत शंकेच्या रकान्यात 'पत्र पाठवलं' एवढं तारखेसह लिहून ठेवा.